नळीतली एकादशी

संपादकांनी 'सेवाभावी क्षेत्रातला प्रेरणादायी अनुभव' लिहून मागितला आहे. मला महिन्याला पगार मिळतो, तेव्हा सेवाभाव बाजूला ठेवू. प्रेरणेचं नंतर बघू. माझ्या कामात मुख्यतः एक नळी असते.

लकवा मारल्यावर पुष्कळांचं गिळणं जातं. घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेने उतरतो आणि माणूस न्यूमोनियाने जातो. म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी सोडतात आणि पातळ अन्न तिच्यातून देतात. दवाखान्यात हे आम्ही नर्सेस करतो. पण पेशंट घरी निघाला की नळीही त्याच्याबरोबर निघते, आणि घरी नर्स नसते. घरी सून असते. तिला हे सगळं शिकवणं ही माझी नोकरी. आधी नांदेडला केली, आता लातूरला करते.

शिकायला मात्र मुलगा येतो. खुर्चीवर बसतो, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "बोला सिस्टर, व्हिडिओ काढून घेतो." सून मागे भिंतीला टेकून उभी असते, हातात डब्याची पिशवी. मी मोबाइलकडे पाठ करते आणि पिशवीशी बोलते. मुलाच्या व्हिडिओत माझी वेणी येते. त्याची तक्रार दोनदा वर गेली आहे.

शिकवायचं तरी किती? नाकपुडीजवळ नळीवर खूण केलेली असते. ती जागेवर आहे का, हे दर वेळी बघायचं. सरकलेली दिसली तर थेंबही द्यायचा नाही. पेशंटला उशा लावून बसतं करायचं, कारण आडव्या माणसाच्या पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जातं. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसती नळकांडी नळीला लावून वर धरायची आणि अन्न आपल्या वजनाने सावकाश उतरू द्यायचं. आधी आणि नंतर साधं पाणी. जेवणानंतर तासभर बसतंच ठेवायचं. खोकला आला की थांबायचं. नळी निघून आली तर ती आपल्या हाताने परत घालायची नाही. बस. शाळेतल्या पोरीलाही जमेल असं काम आहे. ज्यांना जमत नाही, ते म्हणजे पाहुणे.

आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला येणं हा सोहळा असतो आणि भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. शहाळं आणतो, अंगारा आणतो, कुठल्या तरी तीर्थाची बाटली आणतो, आणि "माझ्या हातचं एक सिरिंज तर जाऊ द्या" म्हणून बाह्या सरसावतो. किनवटकडच्या इस्लापूरच्या एका घरात तर नातीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आजोबांची नळी सकाळी काढून ठेवली. "चार लोकांत बरं दिसत न्हाई," असं त्या मुलीच्या बापाने मला सांगितलं. पाहुणे उठल्यावर त्या बापानेच ती परत खुपसली. आजोबा त्याच दिवशी खोकत नांदेडला पोचले. फुप्फुसं वाचली. सोयरीकही जमली. कुणालाच काही शिकायला मिळालं नाही.

माझे वडील नांदेडला एका छापखान्यात होते. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. अंधश्रद्धेवरची, पाण्यावरची, हक्कावरची. न खपलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली. त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे बघताना माझ्या डोक्यात आधी एक मथळा उमटतो आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. हे सांगायचं कारण, गयाबाईंच्या घरी मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा असे दोन-तीन मथळे एकदम उमटले होते.

गयाबाई लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या. घरची शेती, मुलगा बाळासाहेब याचं मुरुडला खता-बियाण्याचं दुकान. लकव्याने बाईंची उजवी बाजू आणि वाचा गेली. गिळणंही गेलं. डावा हात मात्र शाबूत, आणि शेतात आयुष्य काढलेल्या बाईचा शाबूत हात म्हणजे काय ते मी पुढे बघितलं. त्यांची सून सुनीता सगळं नीट शिकली होती. नळी, उशा, पाणी, तोंड पुसणं, कूस बदलणं, सगळं. तरी दर थोड्या दिवसांनी बाळासाहेबांचा फोन यायचा.

"सिस्टर, माय पुन्हा नळी उपटून बसली बघा."

"खूण बघितली का?"

"खूण कशाची बघता! नळीच जिमिनीवर पडलीय."

मग दवाखान्याची घरपोच सेवा म्हणून मी लातूरहून निघायची. नळी घालायची, आतला रस ओढून आम्ल दाखवणाऱ्या कागदावर टाकून ती पोटातच गेली आहे याची खात्री करायची. दर वेळी बाईंच्या नाकातून रक्त यायचं. एकदा नळी अर्धवट ओढलेली असताना कुणी तरी दूध दिलं आणि बाईंना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या कशाबशा उठल्या. आमचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर वाचायच्या नाहीत. हात बांधा."

त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'पेशंट सहकार्य करत नाही.' जिची वाचा गेली आहे त्या बाईने सहकार्य कसं करावं? अर्ज करून? मी डॉक्टरांना म्हटलं, हात बांधणं हा उपचार नाही, ही अटक आहे. ते म्हणाले, "तुमचं भाषण बरोबर आहे, पण नळी निघता कामा नये." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणून मला जास्त राग आला.

असा मामला होता. डावा हात मोकळा ठेवावा तर बाई जिवाला मुकणार. बांधावा तर जो एक अवयव त्यांचं ऐकतो, तोही काढून घेतल्यासारखं.

पुढच्या फोनला मी पोचले तेव्हा निकाल लागला होता. डावा हात धोतराच्या पट्टीने खाटेला बांधलेला. पण त्याआधी नळी निघालेलीच होती, आणि पडलेल्या नळीला एक काळा दोरा बांधलेला होता.

"दोरा कशाला?" मी विचारलं.

"देवऋषीनं दिलाय," बाळासाहेब म्हणाले. "करनी हाय सिस्टर. तुमी हिसाब बघा. अमावस्या जवळ आली की काढती, पुनव जवळ आली की काढती. मधी एकदम शांत. हे काय साधं हाय का?"

"पण दोरा नळीला कशाला?"

"नळीच्याच जिवावर हाय ना माय. नजर लागली तर नळीलाच लागंल."

मी कात्रीने दोरा कापला आणि खाटेच्या पायाला बांधला. म्हटलं, इथं कितीही नजर लागू द्या. वडिलांच्या एका पत्रकाचा मजकूर मला तोंडपाठ होता, तो मी तिथं उभ्याने म्हणून दाखवला. घरच्यांनी तो आरती ऐकावी तसा ऐकला. बाळासाहेबांचे मामा तात्या औशाहून बहिणीला बघायला आले होते. ते निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "छान बोलता बाई तुम्ही. पण विज्ञानालाही सगळं कळत नाही." हे वाक्य आमच्या भागात निवृत्तिवेतनाबरोबर मिळतं.

मी नवी नळी घातली. रक्त आलं. गयाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, बांधलेल्या हाताची बोटं पट्टीशी चाळवत राहिली. खूण केली, चिकटपट्टी लावली. सुनीता म्हणाली, "सिस्टर, आता दुपार झाली. दोन घास खाऊन घ्या. भगर हाय, शेंगदान्याची आमटी हाय."

मी ताटावर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन घास गेल्यावर सहज म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं पाहुण्याला भगरच करतात का हो? मी जेव्हा येते तेव्हा भगरच."

सुनीता आमटी वाढत होती. म्हणाली, "तुमी येताच की एकादशीला."

आणि तिचा पळी धरलेला हात तिथंच थांबला.

आमच्या घरी एकादशी नाही. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा देवांबरोबर उपासही उंबऱ्याबाहेर गेले. आम्हाला पौर्णिमा कळते, विहारात जायची असते म्हणून. एकादशी अमावस्येच्या आणि पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी येते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण ज्या घरात एकादशी पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, त्या घरातल्या कुणालाही ते दिसू नये? बाई खाटेवर पडून सगळं ऐकत होत्या. भाकरी थापायचा आवाज आला नाही आणि शेंगदाणे भाजल्याचा वास आला, की त्यांना तिथी कळत होती. आणि त्याच दिवशी सून प्रेमाने नळीतून पातळ केलेली डाळ-खिमट सोडत होती.

"आत्या लहानपनापासून धरायच्या," सुनीता सासूकडे बघत हळू आवाजात म्हणाली. "बाळंतपनात बी सोडली न्हाई."

"मग तुम्ही त्यांना डाळ-तांदूळ का दिलंत?"

"आजाऱ्याला कुठं उपास असतो?" उत्तर तात्यांनी दिलं. "शास्त्रात माफ आहे. आणि बारकाईने बघितलं तर प्रश्नच येत नाही. मुखातून जातं ते अन्न. नाकातून जातं ते औषध."

"बरोबर हाय मामा," बाळासाहेब म्हणाले. "नाकानं काय उपास मोडतो व्हय?"

"शिवाय जिभेला चव लागत नाही, म्हणजे भोगही नाही," तात्या रंगात आले. "आता समजा, तोंडाने दिलं असतं—"

"तात्या," मी म्हटलं, "मावशींना विचारलंत का?"

"तिला काय कळतंय?"

खाटेवरच्या बाईने मान भिंतीकडे वळवली. ती वळताना सगळ्यांनी बघितली.

गेले कित्येक महिने आम्ही सगळे, माझ्यासकट, त्या बाईंना तपासत होतो. नाडी, ताप, लघवीचा रंग, कफाचा रंग. दवाखान्याला त्यांच्या फुप्फुसाचं चित्र माहीत होतं. देवऋषीला त्यांच्यावर कुणी काय केलं ते माहीत होतं. तात्यांना शास्त्र माहीत होतं आणि मला तर काय, सगळंच माहीत होतं. मी ताट सोडून उठले, खाटेच्या त्या बाजूला जाऊन जमिनीवर बसले.

"मावशी, आज उपास हाय का तुमचा? असंल तर डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

"उपासाचंच काही दिलं, दूध, राजगिरा, तर घ्याल?"

डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. विचार करत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांना विचार करायला कुणी वेळ दिला नव्हता, त्या आता तो घेणार होत्या. मग पुन्हा मिटले.

मी अंगणात जाऊन दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "थांब, खरंच करून बघू." राजगिऱ्याचं पीठ दुधात पातळ शिजवायचं, साखर घालायची, पातळ कापडाने दोनदा गाळायचं. त्यांनी प्रमाण सांगितलं. मी तळहातावर पेनाने लिहून घेतलं. नास्तिक बापाच्या पोरीच्या तळहातावर एकादशीचा फराळ. वडिलांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा पीठ कुठलं चांगलं ते सांगितलं असतं.

आत परत येईपर्यंत मिक्सरचा आवाज येऊन थांबला होता. आणि घरात भक्तीची लाट आली होती.

बाळासाहेबांना पश्चात्ताप झाला होता. पश्चात्ताप झालेल्या मुलाइतकं धोकादायक काही नाही. त्यांनी घरातली साबुदाण्याची खिचडी उचलली, शेंगदाण्याच्या कुटासकट मिक्सरमध्ये फिरवली, आणि सिरिंजला दट्ट्या लावून स्वतःच्या हाताने मायला फराळ घालत होते. तात्या नळीकडे बघून हात जोडून उभे.

"थांबा!" मी ओरडले.

"सिस्टर, मायचा उपास हाय," ते सिरिंज न सोडता म्हणाले. "आज मी मागं हटनार न्हाई."

ते हटले नाहीत, पण खिचडीही हटली नाही. साबुदाणा नळीत बसला तो बसलाच. बाळासाहेबांनी दट्ट्या जोरात दाबला, जोड सुटला आणि फराळाची एक पिचकारी तात्यांच्या सदऱ्यावर उडाली. तात्या तसेच हात जोडून.

मी सिरिंज हिसकावून घेतली. आधी खूण बघितली, नळी जागची हलली नव्हती. साबुदाणा वरच्या टोकालाच अडकला होता. मग कोमट पाणी, थोडं आत, थोडं बाहेर, पुन्हा थोडं आत. जोर लावायचा नाही, चिडायचं नाही. यातली दुसरी गोष्ट मला जमत नव्हती. माझं तोंड चालूच होतं. "नळी म्हणजे काय पाइपलाइन वाटली? पुन्हा घालावी लागली असती तर नाक कुणाचं फुटलं असतं, तुमचं? दट्ट्या लावायचा नाही हे व्हिडिओत नाही का तुमच्या?"

"व्हिडिओत तुमची येनी हाय," बाळासाहेब म्हणाले.

खाटेवरून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मी दचकून बघितलं. गयाबाई हसत होत्या. अर्धा चेहरा हसत होता, अर्धा तसाच, आणि खांदे हलत होते. सुनीताने पदर तोंडाला लावला. मग तात्या सोडून सगळेच हसले.

नळी मोकळी झाली. तोवर सुनीताने राजगिरा शिजवून गाळून आणला होता. बाईंना उशा लावून बसतं केलं. मी धोतराची पट्टी सोडायला गाठीला हात घातला.

"सोडू नका," बाळासाहेब म्हणाले. "ओढंल. खरंच ओढंल सिस्टर. आता निघाली तर डाक्टर म्हनले ते तुमाला बी ठाव हाय."

मला ठाऊक होतं. रक्तही मीच पुसलं होतं. पण बांधलेल्या माणसाला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. मी गाठ सोडली.

"मावशी, राजगिरा हाय. दूध, साखर. दुसरं काही नाही. देऊ?"

डावा हात थोडा वेळ मांडीवर पडून राहिला. मनगटावर पट्टीचा वळ होता. मग हात उचलला गेला. वर, आणखी वर, नाकाच्या रोखाने. बाळासाहेब पुढे झाले, मी त्यांना अडवलं. हात नाकाशी आला. तिथून पुढे गेला. डोक्यावरून खांद्यावर ओघळलेला पदर त्यांनी दोन बोटांनी पकडला, ओढून नीट डोक्यावर घेतला. जेवायला बसताना बाई घेते तसा. मग हात खाली ठेवला आणि सुनीताकडे बघितलं. वाढ.

सुनीताने खूण बघितली, पाणी दिलं, नळकांडी वर धरली. दुधाळ राजगिरा सावकाश उतरत गेला.

त्यानंतर नळी निघाली नाही. याचं श्रेय कुणाचं, यावर मात्र बरंच बोलणं झालं. आमच्या दवाखान्याच्या कागदांत 'औषधाने अस्वस्थता कमी झाली' अशी नोंद आहे. देवऋषी म्हणतो, दोरा खाटेला बांधल्यावर गुण आला. तात्या औशात सांगतात की शास्त्राचा आधार त्यांनी काढून दिला. मी दवाखान्यात सुचवलं की शिकवताना 'पेशंटला विचारा' ही ओळ घालू. वरिष्ठ म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण त्याने वेळ जाईल. ती ओळ मी तोंडाने सांगते. व्हिडिओत येत नसेल.

पण मला सांगायचा होता तो त्या एकादशीनंतरचा दिवस. सकाळी सुनीताचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"सिस्टर, आत्या नको म्हनून राहिल्यात. नळी हाय जागेवर, खूण हाय. पन सिरिंज लावली की हातानं बाजूला करतात."

"आज काय आहे? आजही काही उपास?"

"आज बारस. आज सोडायचा असतो. मीबी सोडायची हाय."

"मग विचारा त्यांना, काय पाहिजे."

"इचारलं. वरन पाहिजे का? न्हाई. दूध? न्हाई. देवाला निवद? दाखवला म्हनलं. तरी न्हाई. माझ्याकडं बोट करून राहिल्यात."

"तुमच्याकडं?"

मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी जेवले का म्हनून इचारत असतील व्हय?"

"त्यांनाच विचारा की."

तिने विचारलं. मला ऐकू आलं. "आत्या, मी आधी जेवू?" मग ती फोनवर आली. "डोळे मिटले."

"मग बसा जेवायला. तिथंच, त्यांच्यासमोर."

"अहो पन ह्यांचं जेवन व्हायचंय अजून. आत्याचं व्हायचंय. मी कशी आधी..."

मागून बाळासाहेबांचा आवाज आला, "काय झालं? मंग माझं ताट कोन वाढनार?"

मी थांबले. ताटाचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा आवाज आला. फोन ती ठेवायचा विसरली असावी. खूप वेळाने, घास तोंडात असल्यासारखं ती बोलली.

"सिस्टर, हायसा का?"

"हो. बाळासाहेब काय म्हणाले?"

"काही न्हाई. आत्यानं निसतं बघितलं त्यांच्याकडं."

"मग?"

"मंग घेतलं की त्यांनी आपलं आपन वाढून."